छतावरच्या काचेची कड

माझ्या उजव्या कोपऱ्यापासून चार बोटांवर एक चीर आहे. तांदळाच्या दाण्याएवढीच, पण तिच्या दोन्ही कडा अगदी सरळ आहेत. माझ्या अंगावर इतरही भेगा आहेत. त्या उन्हाने पडलेल्या, म्हणून वाकड्यातिकड्या. त्यांना फाटे फुटलेले आहेत आणि जवळून पाहिलं तर त्या आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारख्या दिसतात. ही चीर तशी नाही. ती कशाने पडली हे बरेच दिवस फक्त मलाच ठाऊक होतं, आणि मला ते कोणाला सांगता येत नव्हतं.

मित्रांनो, गाडीच्या छतात एक सरकणारी काच असते. तिला सगळे सनरूफ म्हणतात. ती काच सरकली की छतात जी चौकट उघडी पडते, तिच्या कडेने फिरवलेली काळी रबरी पट्टी म्हणजे मी. जुनी झाले आहे. काही ठिकाणी फुगले आहे, काही ठिकाणी कडक पडले आहे. आजच सकाळी मला माझ्या जागेवरून उपटून काढलं. आता मी बेसा भागातल्या एका घराच्या पोर्चमध्ये, गाडीच्या छतावर अर्धी आत अर्धी बाहेर अशी चेपून पडले आहे. हे कसं झालं ते मला सांगायचं आहे. सांगताना अजूनही मला भीती वाटते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मळलेल्या कणकेसारखा रबराचा गोळा होता, त्यात काजळी आणि गंधक मिसळलेलं. तो गोळा साच्याच्या फटीतून ढकलला गेला आणि मी लांबच लांब बाहेर आले. मग भट्टी. भट्टीच्या उष्णतेत गंधकाने माझ्या आतले धागे एकमेकांना बांधून टाकले. त्यामुळे मला कोणी दाबलं की मी दबते आणि सोडलं की पुन्हा पहिल्यासारखी होते. माझ्यात गुण असेल तर तो एवढाच. माझ्या पोटात पोलादाची पातळ पट्टी आहे. तिच्यामुळे मी छताच्या पत्र्याला घट्ट धरून राहते.

लोकांना वाटतं, माझं काम पाणी अडवणं. ते अर्धंच खरं आहे. थोडं पाणी माझ्यावरून आत येतंच. ते खालच्या पन्हाळीत जमतं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांमधून चाकांजवळ गळून जातं. माझं काम आहे दाबलं जाणं. काच येते, मला दाबते, आणि त्या दाबाच्या रेषेवर घर आणि रस्ता, ऊन आणि सावली वेगळी होतात. गाडीचं छत म्हणजे आत बसलेल्यांवर धरलेला हात. त्या हाताची कड मी.

गाडी घेतली धम्मदीपने. तो औषधांच्या दुकानांना माल पुरवतो. घरात पहिलीच चारचाकी. त्याची बायको प्रीती पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आई कौशल्याबाई, आणि मुलगी रितिका, तेव्हा पाच वर्षांची. पहिल्या दिवशी गाडी विहारापुढे उभी केली, फुलं वाहिली, आणि परत येताना धम्मदीपने बटन दाबलं. काच सरकली. रितिका सीटवर उभी राहिली आणि तिचं डोकं, मग खांदे, मग छाती माझ्यामधून बाहेर आली. तिने दोन्ही हातांनी मला धरलं. हात लहान होते आणि पेढ्याने चिकट झाले होते.

"पप्पा, मी सगळ्याईच्या वर आहे!"

"आहेसच तू!" धम्मदीप खालून ओरडला. लहानपणी तो वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत जायचा. एकदा मोठ्या गाडीच्या छतातून हात हलवणारी मुलं त्याने रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिली होती. हे तो कौशल्याबाईंना पुन्हा पुन्हा सांगे. म्हणूनच त्याने सनरूफवाली गाडी घेतली.

मला त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता. पण मला दुसरंच काहीतरी जाणवलं. मी काचेचा दाब ओळखते. काचेचा दाब सगळीकडून सारखा येतो. रितिकाच्या छातीचा दाब तसा नव्हता. गाडीने जरा वेग कमी केला की तो पुढे यायचा, वेग वाढला की मागे जायचा. तिला धरून ठेवणारं तिथे काहीच नव्हतं. होते फक्त तिच्या आईचे हात. मागच्या सीटवर बसून प्रीतीने मुलीचे दोन्ही घोटे धरले होते.

पुढे हे नेहमीचं झालं. सुट्टीच्या दिवशी गाडी निघाली की छत उघडायचं, रितिका उभी राहायची आणि प्रीती घोटे धरायची. "जरा हळू चालवा जी," एवढंच ती म्हणे.

"हळूच तं चालवून राहिलो," धम्मदीप म्हणे. "तुले काहून एवढं भेव वाटते वं?"

"प्रीती तं आपल्या सावलीलेही भेते," कौशल्याबाई हसत म्हणत. "आम्ही तं ट्रकच्या टपावर बसून लग्नाले गेलो होतो. काही झालं का आमाले?"

प्रीती काहीतरी बोलायला तोंड उघडायची. मग आरशात दिसणाऱ्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहायची, आणि तो आनंदी चेहरा पाहून गप्प बसायची.

एकदा प्रताप नगरच्या चौकात एक गाय आडवी आली. धम्मदीपने ब्रेक मारला. रितिकाची छाती माझ्यावर आदळली. मी दबले, जितकी दबू शकते तितकी दबले आणि आतल्या पोलादापर्यंत पोचले. तिच्या बरगड्या मला एकेक करून कळल्या. ती रडली नाही. तिचा श्वास कोंडला होता. मग ती हसली, कारण पप्पा हसत होते. मी मात्र त्या जागी पुन्हा पूर्ण फुगलेच नाही. तिथे एक खळगा राहिला.

आमच्या गावच्या उन्हाळ्याबद्दल मी वेगळं काय सांगू? मे महिन्यात पत्रा इतका तापतो की त्यावर टेकलेला हात चटकन उचलावा लागतो. मी त्या पत्र्याला चिकटून असते. माझा पृष्ठभाग सुकला, भेगा पडू लागल्या. कौशल्याबाईंनी उपाय सांगितला, "खोबऱ्याचं तेल लाव गा. चपलेले लावतो तसं." मग दर रविवारी गाडी धुवून झाली की धम्मदीप बोटाने मला तेल चोळू लागला. मी चमकू लागले. शेजारचे म्हणत, "गाडी नवीच दिसून राहिली, भाऊ!" मित्रांनो, माझं कौतुक झालं ते याच दिवसांत, आणि मी बिघडले तीही याच दिवसांत. तेलावर धूळ बसली. काच दरवेळी सरकताना ती धूळ मला घासू लागली. तेल मुरून मी जागोजागी फुगले. पन्हाळीत धुळीचा आणि कडुनिंबाच्या पानांचा काला साचला. प्रेमाने निगा राखली होती, यात शंका नाही. पण ज्याची निगा राखायची ते कशाचं बनलं आहे आणि कशासाठी बनलं आहे, हे कोणी विचारलं नाही.

आता त्या सरळ चिरेबद्दल सांगते.

संक्रांतीनंतरचे दिवस होते. या दिवसांत आपल्याकडे विजेच्या तारांवर, झाडांवर तुटलेल्या पतंगांचा मांजा लोंबकळत असतो. नायलॉनचा मांजा ऊन पाऊस खाऊनही कुजत नाही. गाडी हुडकेश्वरकडे चालली होती, प्रीतीच्या माहेरी. रितिका माझ्यामधून बाहेर उभी होती. तिची टोपी वाऱ्याने उडाली आणि आत सीटवर पडली. ती उचलायला रितिका खाली वाकली. त्याच क्षणी रस्त्यावर आडवा ताणलेला एक हिरवा धागा छतावरून सरकत आला. आधी समोरच्या काचेवर, मग पत्र्यावर, मग माझ्या उजव्या कोपऱ्यापाशी. तो माझ्यात शिरला. गाडी पुढे चालली होती, म्हणून तो ताणला गेला, कापत गेला, आणि तुटला.

आवाज फार लहान होता. सर्र असा.

"पान लागलं वाटते," धम्मदीप म्हणाला.

रितिका टोपी घालून पुन्हा उभी राहिली. तिचा गळा माझ्यापासून हातभर उंचीवर होता. त्या दिवसापासून प्रत्येक वेळी काच सरकली की मी आधी तारांकडे पाहत असे.

यंदा जानेवारीत अवकाळी पाऊस झाला आणि सीटवर पाणी टपकलं. गाडीत ओल्या कापडाचा वास सुटला. नेमकं प्रीतीच्या भावाचं, विक्कीचं लग्न तोंडावर आलं होतं, आणि वरातीत रितिका सनरूफमधून उभी राहणार हे साऱ्या नातेवाइकांत ठरलं होतं. ती आता नऊ वर्षांची झाली होती. तिने उभं राहून कसं नाचायचं याची तालीमही केली होती. गॅरेजवाल्याने लग्नानंतरची तारीख दिली. "मीच बदलतो," धम्मदीप म्हणाला. त्याने नवी पट्टी मागवली आणि फोनवर व्हिडिओ शोधला.

आज रविवार. सकाळच्या कोवळ्या उन्हात पोर्चमध्ये काम सुरू झालं. धम्मदीपने मागच्या बाजूला माझा सांधा शोधला, बोटं घातली आणि ओढलं. इतकी वर्षं धरून ठेवलेला पत्रा मला सोडावा लागला. प्रीती चौकट पुसत होती. मग तिने मला हातात घेतलं आणि अंगठा फिरवत फिरवत उजव्या कोपऱ्यापाशी थांबली.

"हे कापलेलं आहे," ती म्हणाली.

"जुनं झालं, फाटलं असंन."

"नाही जी. फाटलेलं असं सरळ नसते. हे पहा, बाकीच्या भेगा कशा आहेत. हे धारेनं कापलं." तिने चिरेत नख घातलं, आणि तिथे अडकलेला केसाएवढा हिरवा तुकडा बाहेर आला. तिने तो बोटांत धरून उन्हात पाहिला.

"मांजा," ती म्हणाली.

धम्मदीपने तो पाहिला. "उभ्या गाडीवर पडला असंन," मग तो म्हणाला. "अन् वरातीत गाडी चालते तरी किती? मुंगी पुढं जाते आपल्या. काळजी नको करू. चाल, नवी पट्टी धर."

प्रीतीने ओठ मिटून घेतले. मला वाटलं, आता बोलेल. ती बोलली ती पट्टीबद्दल. "ओढून नका बसवू. ओढली की ती बसते, पण नंतर आखडते अन् फट पडते. सैल ठेवून दाबा."

"हो मॅडम," धम्मदीप म्हणाला.

पट्टी नीट बसली. नळ्या मोकळ्या केल्या. मी गाडीच्या बॉनेटवर पडून पाहत होते. नवी माझ्यापेक्षा जाड होती, टणक होती. धम्मदीप ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि त्याने छताचं बटन दाबलं. काच पुढे आली, नव्या पट्टीला टेकली, आणि लगेच मागे गेली. पुन्हा दाबलं. पुन्हा मागे.

"पाहा!" धम्मदीप खूश झाला. "तुले म्हणत होतो ना? काही अडकलं की काचेले कळते. आपोआप मागं येते. थांब, दाखवतो." त्याने चौकटीच्या पुढच्या कडेवर स्वतःचा हात ठेवला. काच आली, हाताला लागली आणि मागे गेली. "रितू, तू ठेव हात."

"नका जी!" प्रीती म्हणाली. पण रितिकाने हात ठेवला होता. काच आली, लागली, मागे गेली. रितिका खदखदून हसली.

"गुदगुल्या करते!"

"पाह्यलं?" धम्मदीप म्हणाला.

"मी नाही पाह्यलं," प्रीती शांतपणे म्हणाली. "हात नव्हता तेव्हाही ती मागंच जाऊन राहिली होती. मग आता हातामुळं गेली का जाड रबरामुळं, हे तुम्हाले कसं कळलं?"

"आई, पाहा वं," धम्मदीप खुर्चीवर बसलेल्या कौशल्याबाईंना म्हणाला, "हिनं पोर्चमधी प्रयोगशाळा उघडली!"

कौशल्याबाई तूर निवडत होत्या. त्या हसल्या, पण या वेळी त्यांनी टोमणा मारला नाही.

प्रीती पाणी ओतून पाहण्यासाठी मग्गा भरायला आत गेली. धम्मदीपने पुन्हा व्हिडिओ लावला. फोनमधला माणूस सांगत होता की नवं रबर बसवल्यावर काचेला तिची जागा नव्याने शिकवावी लागते. त्यासाठी बटन दाबून धरा, काच पूर्ण बंद होईपर्यंत सोडू नका. तो माणूस आणखीही एक गोष्ट सांगणार होता. मला ती ठाऊक होती. बटन असं दाबून धरलं की काच मागे फिरत नाही. वाटेत काहीही असो. पण धम्मदीपने तेवढ्यातच व्हिडिओ थांबवला आणि एका हाताने बटन दाबून धरलं. त्याचे डोळे दुसऱ्या हातातल्या फोनवरच्या थांबलेल्या चित्रावर होते.

रितिकाने मला बॉनेटवरून उचललं होतं. तिने मला हारासारखं गळ्यात घातलं, मागच्या दारातून आत शिरली, सीटच्या कडेवर चढली आणि छतातून बाहेर आली. "आजी, पाह्य! मी निवडून आली!" ती हात जोडून पोर्चमधल्या कुंड्यांना नमस्कार करू लागली. तिच्या पाठीमागून काच निघाली होती.

मला ती दिसत होती. मित्रांनो, मी काचेला आयुष्यभर ओळखत आले. ती हळू येते. तिला घाई नसते. रितिकाला ती पाठीला लागल्याचं कळलं, आणि ती हसली, कारण काच आता मागे जाईल हे तिला शिकवलं होतं. काच मागे गेली नाही. तिने रितिकाला पुढे ढकललं. पोट पुढच्या कडेला टेकलं. रितिकाचं हसणं मध्येच थांबलं. "पप्पा," ती म्हणाली, पण आवाज नीट निघाला नाही. माझ्याजवळ तोंड नाही. मी तिच्या गळ्यात लटकून होते आणि काहीच करू शकत नव्हते.

मग्गा फरशीवर पडल्याचा आवाज आला. पुढच्याच क्षणी उघड्या दारातून प्रीतीचे दोन्ही हात आत आले आणि त्यांनी घोटे पकडले. तिने मुलीला सगळ्या ताकदीनिशी खाली ओढलं. फ्रॉक फाटला. रितिका सीटवर कोसळली. मी तिच्या डोक्यावरून सुटले आणि पुढच्या कडेवर आडवी पडले.

काच माझ्यावर आली. थांबली नाही. तिने मला दाबलं, खळग्यासकट, चिरेसकट. माझ्या पोटातली पोलादी पट्टी वाकली, मग चपटी झाली. मोटर करकरत राहिली. मी दबायला जन्मले आहे, पण असं नाही.

धम्मदीपच्या हातून बटन सुटलं. मोटर बंद झाली. कौशल्याबाईंच्या मांडीवरचं सूप कलंडलं होतं आणि तूर फरशीवर पसरली होती. धम्मदीपने वर पाहिलं. काचेच्या कडेखाली मी अडकले होते, जिथे चेपले होते तिथे कागदासारखी पातळ. त्याने मला बोटाने हलवून पाहिलं. मी हलले नाही. मग तो मागे वळला आणि मुलीच्या पोटावरचा लाल वळ पाहिला.

"ते... सेटिंग चालू होती," तो पुटपुटला. "बटन दाबलं होतं म्हणून. आता झालं तं ते नीट..."

प्रीतीने रितिकाला कुशीत घेतलं होतं. मुलगी आता मोठ्याने रडत होती आणि ते रडणं ऐकून मला बरं वाटलं. श्वास पुरेसा असला तरच इतकं मोठं रडता येतं. तेवढ्यात सीटवर पडलेला प्रीतीचा फोन वाजला. विक्की होता. रितिकाच्या गुडघ्याने की कोणाच्या बोटाने कोण जाणे, फोन स्पीकरवर सुरू झाला.

"काय वं ताई, झालं का छप्पर दुरुस्त?" विक्की ओरडत होता, मागे लग्नघराचा गलका होता. "भाऊजीले सांग, गाडी बरोबर माझ्या घोड्याच्या पुढं पाहिजे! पोट्टीसाठी निळा फेटा आणला मी. मावश्या तं म्हणून राहिल्या, नवरदेवाले कोणी पाहणारच नाही, सारे वर आमच्या रितिकेलेच पाहतीन. हॅलो? ताई? बोलत काहून नाहीस?"

प्रीतीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली नाही. तिने सासूकडे पाहिलं. मग फोन हातात घेतला. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, फक्त या वेळी तो अर्ध्यावर थांबला नाही.

"विक्की, नीट ऐक. फेटा ठेव, ती घालंन. ती तुझ्या वरातीत माझा हात धरून खाली, रस्त्यावर नाचंन. पण या गाडीच्या छतातून माझी पोरगी यापुढं उभी राहणार नाही. तुझ्या लग्नात नाही, कोणाच्याच लग्नात नाही."